तुरीच्या मुळांना आठवतं

बीदरहून औरादच्या रस्त्याला लागलं की जनवाडा येतं. हा सगळा पट्टा एका अंगाने भालकी-औरादमार्गे मराठवाड्यात मिसळतो, दुसऱ्या अंगाने हुमनाबाद ओलांडून कलबुर्गीत उतरतो. तुरीचा मुलूख. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर तीनच वर्षांनी, २०२२ च्या हंगामात, कलबुर्गी, बीदर आणि शेजारच्या जिल्ह्यांत शेंगा भरायच्या ऐन वेळी तुरीची शिवारंच्या शिवारं वाळून गेली. कर्नाटक सरकारला पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला हेक्टरी १०,००० रुपयांची मदत जाहीर करावी लागली. या रोगाला मराठीत मर म्हणतात. याच भागातले कन्नड शेतकरी नेटे रोग म्हणतात.

मर लागलेलं झाड जवळून बघण्यासारखं असतं. जमिनीलगत खोडावर एक जांभळट तपकिरी पट्टा उठतो आणि वर चढत जातो. खोड उभं चिरलं की आतल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या काळ्या पडलेल्या दिसतात. पुष्कळदा झाडाची एक बाजू वाळलेली आणि दुसरी हिरवीगार असते, कारण ज्या बाजूच्या नळ्या तुंबल्या त्याच बाजूच्या फांद्या आधी माना टाकतात. जमिनीत ओल असून झाड तहानेनं मरतं. हे करणारी बुरशी म्हणजे फ्युझेरियम उडम. पुसा येथे काम करणाऱ्या एडविन बटलर यांनी १९१० साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं. ही बुरशी धसकटांत आणि मातीत काही वर्षं सहज तग धरते, म्हणून एकदा मर लागलेल्या रानात लगेच पुन्हा तूर घ्यायला माणूस कचरतो.

आता खरा प्रश्न. ज्या झाडाला रक्त नाही, पांढऱ्या पेशी नाहीत, प्रतिपिंडं नाहीत, ते अशा शत्रूशी लढतं कशाच्या जोरावर? आणि लढून झालं की त्याला काही आठवतं का?

पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर शेतकऱ्याला ठाऊक आहे: वाण. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट या संस्थेने महाराष्ट्रातल्या एका जुन्या गावरान वाणातून मर न लागणारी झाडं निवडली आणि त्यातून निघालेला आयसीपी ८८६३ हा वाण १९८६ साली कर्नाटकात ‘मारुती’ या नावाने आला. १९९२-९३ पर्यंत उत्तर कर्नाटकाच्या पट्ट्यात तुरीखालच्या सुमारे ६० टक्के क्षेत्रावर मारुती होता. त्यानंतर आशा आला, बदनापूरचे बीएसएमआर आणि बीडीएन मालिकेतले वाण आले, कलबुर्गीच्या संशोधन केंद्राचा टीएस-३आर आला. ही ताकद बियाण्यातच असते, आईबापाकडून येते. पण झाडाकडे दुसरीही एक ताकद असते, जी जन्मानंतर, अनुभवातून येते. या दुसऱ्या ताकदीबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, आणि मला वाटतं तीच जास्त विलक्षण आहे.

आपल्या शरीरात शत्रूचा माग काढत फिरणाऱ्या पेशी असतात. झाडात फिरती पेशी एकही नाही. प्रत्येक पेशी भिंतीत बंद. म्हणून प्रत्येकीला आपलं रक्षण आपणच करावं लागतं आणि प्रत्येकीच्या पृष्ठभागावर परक्याला ओळखणारे रेणू बसवलेले असतात. ते अख्खी बुरशी किंवा अख्खा जिवाणू ओळखत नाहीत, त्यांचे तुकडे ओळखतात. बुरशीची भिंत कायटिन आणि बीटा-ग्लुकनची बनलेली असते. कायटिन म्हणजे खेकड्याच्या कवचात आणि टोळाच्या अंगावर असतो तोच पदार्थ. झाड स्वतः कायटिन बनवत नाही, तेव्हा त्याचा एवढासा तुकडा मुळाला लागला तरी कुणीतरी परकं आलंय हे पेशीला कळतं. जिवाणूंच्या बाबतीत अशी खूण म्हणजे त्यांच्या पोहण्याच्या शेपटीतलं फ्लॅजेलिन हे प्रथिन. त्याचा अवघा २२ अमिनो आम्लांचा तुकडा पुरतो. तो ओळखणारा रेणू स्वित्झर्लंडमध्ये थॉमस बोलर यांच्या गटाने २००० साली मोहरीच्या कुळातल्या अराबिडॉप्सिस या छोट्या रोपात शोधला.

त्याच सुमाराला प्राण्यांतही असेच रेणू सापडत होते. फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमन यांनी १९९६ साली फळमाशीत, अमेरिकेत ब्रूस बॉयटलर यांनी १९९८ साली उंदरात ते दाखवले. दोघांना २०११ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. आपल्या पेशीही फ्लॅजेलिन ओळखतात, मात्र त्याचा वेगळा भाग. म्हणजे झाडांनी आणि प्राण्यांनी ही युक्ती एकमेकांकडून घेतलेली नाही. दोघांनाही ती स्वतंत्रपणे सुचली. सृष्टीत जिथे जिथे जिवाणू आणि बुरशा आहेत तिथे त्यांच्या अंगावरची न बदलणारी खूण धरून ठेवण्याला पर्याय नसावा, असं यावरून वाटतं.

ओळखणं झालं. आठवणीचं काय?

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात फ्रँक रॉस यांनी १९६१ साली तंबाखूच्या रोपाच्या खालच्या पानांना मोझॅक विषाणू चोळला. त्या पानांवर ठिपके पडले. काही दिवसांनी त्यांनी वरच्या, तोवर न शिवलेल्या पानांना तोच विषाणू दिला, तर ठिपके मोजके आणि लहान पडले. खालच्या पानांनी भोगलेलं वरच्या पानांना कळलं होतं. पुढे इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड इथे रेमंड व्हाइट यांनी १९७९ साली तंबाखूच्या पानांत चक्क ॲस्पिरिन टोचलं आणि त्या पानांची विषाणूला तोंड देण्याची शक्ती वाढली. तेव्हा हे कोडंच होतं. १९९० मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की आजारी झाड स्वतःच सॅलिसिलिक आम्ल तयार करतं, आणि आपल्या डोकेदुखीच्या गोळीतलं रसायन त्याच घराण्यातलं आहे.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १९९१ चा प्रयोग, कारण तो थेट आपल्या तुरीच्या दुखण्याशी नातं सांगतो. हॉलंडमध्ये कार्नेशनच्या फुलशेतीत फ्युझेरियमचीच मर येते. बुरशी तुरीवरच्या बुरशीची भाऊबंद. व्हान पेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्नेशनच्या मुळांना स्यूडोमोनास हा मातीतला निरुपद्रवी जिवाणू दिला आणि फ्युझेरियम मात्र मुळात न सोडता सरळ खोडात टोचली. जिवाणू खाली, बुरशी वर. दोघांची गाठभेट होण्याची सोयच ठेवली नाही. तरीही मर कमी झाली. जिवाणूने बुरशीला मारलं असं म्हणायला जागा उरली नाही. त्याने झाडालाच काहीतरी शिकवलं होतं.

शिकवलं म्हणजे नेमकं काय केलं, हे शोधायला आणखी वीस वर्षं लागली. हॉलंडमधल्याच उट्रेख्टच्या कॉर्ने पिटर्स यांच्यासारख्या संशोधकांना दिसलं की जिवाणू मुळाशी येऊन बसल्यावर झाडाची संरक्षण यंत्रणा सुरू होतच नाही. जनुकं गप्पच असतात. पण नंतर खरा रोग आला की तीच जनुकं न शिकलेल्या झाडापेक्षा लवकर आणि जोरात जागी होतात. पहिलवान तालमीत रोज घाम गाळतो तो रस्त्यावर दिसेल त्याच्याशी झोंबण्यासाठी नाही. प्रसंग आला तर अंग आधीच तयार असावं म्हणून. झाडाचं हे तयार राहणं स्वस्तही पडतं. संरक्षण कायम चालू ठेवलं तर झाडाची वाढ खुंटते, बी कमी धरतं. नुसती तयारी ठेवण्याचा खर्च त्या मानाने फार थोडा, हे उट्रेख्टच्याच गटाने २००६ साली मोजून दाखवलं.

ही तयारी पेशीत कुठे साठते? इथे गोष्ट एकदम आपल्या अंगावर येते. पेशीतला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गाठोड्यांवर गुंडाळलेला असतो. गुंडाळी घट्ट असेल तर जनुक वाचता येत नाही, सैल असेल तर झटकन वाचता येतं. जर्मनीतल्या आखेन इथे उवे कोनराथ यांच्या गटाने २०११ साली दाखवलं की शिकलेल्या झाडात काही संरक्षण-जनुकांजवळच्या हिस्टोनवर एका ठराविक जागी मिथाइल नावाच्या तीन बारीक रासायनिक खुणा चिकटलेल्या असतात. जनुक अजून बोललेलं नसतं, पण त्याचं दार किलकिलं करून ठेवलेलं असतं.

पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, हॉलंडमधल्या नायमेखन इथे मिहाई नेतेआ यांच्या गटाने निरोगी स्वयंसेवकांना बीसीजीची लस टोचली. ही लस क्षयाची. आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर तिचा व्रण आहे. तीन महिन्यांपर्यंत त्यांचं रक्त घेऊन त्यातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशी काढल्या आणि त्यांच्यावर कँडिडा ही बुरशी आणि स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू सोडला. दोघांचाही क्षयाशी काही संबंध नाही. तरीही लस दिल्यानंतरच्या पेशींनी लस देण्यापूर्वीच्या पेशींपेक्षा कितीतरी जोरात उत्तर दिलं. आणि त्या पेशींच्या हिस्टोनवर, त्याच जागी, त्याच तीन मिथाइल खुणा सापडल्या. तुरीच्या कुळात आणि माणसाच्या कुळात शंभर कोटींहून अधिक वर्षांचं अंतर आहे. परका ओळखण्याचे रेणू दोघांनी वेगवेगळे घडवले, पण आठवण लिहायची शाई मात्र दोघांच्या समाईक पूर्वजापासून चालत आलेली आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं होतं.

नेतेआ यांनी या शक्तीला ‘प्रशिक्षित प्रतिकारशक्ती’ म्हटलं. तोवर शाळेच्या पुस्तकापासून वैद्यकीच्या पुस्तकापर्यंत एकच शिकवण होती: आठवण ठेवतात त्या प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी आणि त्यांच्या बहिणी, मोनोसाइटसारख्या जन्मजात पेशी येतात, लढतात, मरतात, त्यांना काल-आज कळत नाही. झाडांचा अभ्यास करणाऱ्यांना हे कधीच पटण्यासारखं नव्हतं, कारण त्यांच्या झाडांकडे दुसरं काही नव्हतंच. पण दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांचं फारसं वाचत नव्हते.

शिकवणारे रेणू इथेही तुकडेच. बीसीजीच्या जिवाणूच्या भिंतीतला म्युरामिल डायपेप्टाइड हा बारीक तुकडा पेशीतल्या नॉड-२ या ग्राहकाला भेटतो आणि शिकवणी सुरू होते. बुरशीच्या भिंतीतला बीटा-ग्लुकन डेक्टिन-१ या दुसऱ्या ग्राहकाला भेटूनही हेच घडवतो. पण मोनोसाइट रक्तात जेमतेम काही दिवस जगते, मग तीन महिन्यांनी काढलेल्या रक्तात आठवण आली कुठून? २०१८ मध्ये उंदरांवरच्या कामातून उत्तर मिळालं: बीसीजी हाडांच्या मगजातल्या मूळ पेशींपर्यंत पोचते. शिकतो तो कारखाना. त्यातून बाहेर पडणारी प्रत्येक नवी पेशी शिकून आलेली असते. झाडात याहून पुढची गोष्ट दिसली. रोगाचा मारा सोसलेल्या अराबिडॉप्सिसच्या बियांतून उगवलेली पिढीही रोगाला जास्त तयार असल्याचं २०१२ साली दाखवलं गेलं.

या सगळ्यावरून ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणून बाटल्या आणि भुकट्या विकणाऱ्यांना आयतं कोलीत मिळतं. म्हणून मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमध्ये पीटर आबी यांच्या गटाने कमी वजनाच्या नवजात बाळांना जन्मतःच बीसीजी दिली, तेव्हा पहिल्या महिन्यातले मृत्यू एक तृतीयांशाहून जास्त घटले, तेही क्षयाशी संबंध नसलेल्या संसर्गांमुळे होणारे. मात्र चेन्नई आणि पुद्दुचेरी इथे दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांवर घेतलेल्या चाचण्यांत, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तसा फायदा दिसला नाही. फरक लसीच्या वाणाचाही असू शकेल: आफ्रिकेतली लस डॅनिश वाणाची होती आणि इथली रशियन वाणाची; आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची बीसीजीही रशियन वाणाचीच असते. कोविडच्या काळात पाच देशांतल्या सुमारे चार हजार आरोग्यसेवकांवर बीसीजीची मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २०२३ साली आला: सहा महिन्यांत कोविडचं प्रमाण कमी झालं नाही. शिवाय ही शिकवण नेहमी भल्याचीच असते असंही नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीत साचून ऑक्सिडीकरण झालेलं कोलेस्टेरॉलही मोनोसाइटना असंच चिथावून ठेवतं, आणि मग त्या नको तिथे, नको तितक्या पेटतात. वाहिन्या कठीण होण्यात त्याचा हात आहे. म्हणून ‘जास्त’ प्रतिकारशक्ती ही मागायची गोष्टच नाही. हवी ती योग्य वेळी, योग्य जागी.

पुन्हा शिवारात येऊ, कारण शिकवणाऱ्या जीवांचं खरं घर तिथे आहे.

बीदर-लातूर पट्ट्यात कृषी विभागाचा माणूस तुरीसाठी ट्रायकोडर्मा सांगतो. कृषी सेवा केंद्रात पांढरट-हिरवी भुकटी मिळते. ही बुरशीच आहे, पण चांगल्या चालीची. पेरणीआधी बियाणं ताडपत्रीवर किंवा घमेल्यात पसरायचं, थोडं गूळपाणी शिंपडायचं, किलोमागे चारेक ग्रॅमपासून दहा ग्रॅमपर्यंत भुकटी हलक्या हाताने चोळायची, दाण्याचं साल सोलवटू द्यायचं नाही, आणि सावलीत सुकवून पेरायचं. रासायनिक बुरशीनाशक लावायचंच असेल तर ते आधी, ट्रायकोडर्मा नंतर, आणि रायझोबियम हे जिवाणू-खत सर्वांत शेवटी. एकत्र कालवलं तर औषध ट्रायकोडर्मालाच मारतं.

ट्रायकोडर्मा फ्युझेरियमच्या धाग्यांना विळखा घालून खाते, तिचं अन्न पळवते, मुळाभोवतीची जागा अडवते. हे अनेकांनी ऐकलेलं असतं. मुळाच्या वरच्या थरात शिरून ती झाडाला शिकवते, हे सहसा सांगितलं जात नाही. १९९८ साली दाखवलं गेलं की घेवड्याच्या मुळांना ट्रायकोडर्मा दिली की पानं करपवणारी बुरशी कमी होते, जरी ट्रायकोडर्मा पानापर्यंत पोचत नाही. तुरीवरही मुळांशी उपयुक्त जीव दिल्यावर, फ्युझेरियम आली की पेरॉक्सिडेजसारखी विकरं आणि फिनॉलवर्गी द्रव्यं मुळांत जास्त तयार झाल्याचं भारतीय संशोधकांनी नोंदवलं आहे. फिनॉल म्हणजे झाडाचं कडवट हत्यार आणि भिंतीला घट्ट करणारं सिमेंटही.

कधी कधी आठवण झाडात न राहता मातीत राहते. पिटर्स यांच्याच गटाने २०१८ साली दाखवलं की पानांना रोग लागलेलं रोप मुळाभोवती तीन जातींचे जिवाणू गोळा करतं, आणि त्याच मातीत पुढे पेरलेली दुसरी रोपं त्याच रोगाला कमी बळी पडतात. एकाच पिकाचं रान दरवर्षी आजारी पडत जातं हे आपल्याला पाठ आहे. पण काही गव्हाच्या रानांत मुळकूज रोग काही वर्षं वाढून मग आपोआप ओसरतो. संशोधकांना तिथे मुळांभोवती स्यूडोमोनास साठलेले सापडले.

जुन्या शेतकऱ्यांनी ज्वारीत तुरीचं तास टाकण्याची पद्धत कशासाठी धरली होती, हे पुस्तकात लिहिलेलं नाही. ज्वारीसोबत घेतलेल्या तुरीला मर कमी लागते, हे इक्रिसॅटच्या चाचण्यांनी मात्र दाखवून दिलं आहे. या पट्ट्यातून ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आहे. भाव आणि मजुरी बघता शेतकऱ्याला दोष देता येत नाही. पण ज्वारी गेली तेव्हा तुरीच्या मुळाजवळचं गणगोतही बदललं, हे धोरण ठरवणाऱ्यांनी हिशेबात धरायला हवं. भरपाईच्या हेक्टरी दहा हजारांत ज्वारी-तुरीच्या मिश्र पिकाला मिळू शकणारं कितीतरी प्रोत्साहन बसलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक गोष्ट मला दर वर्षी खटकते. नोव्हेंबर-डिसेंबरात झाडं वाळायला लागली की लोक दुकानात धाव घेतात आणि ट्रायकोडर्मा पाण्यात कालवून मुळाशी ओततात. फ्युझेरियम मुळात शिरते ती रोप कोवळं असताना, पावसाळ्यातच. ती नळ्यांत महिनोन्‌महिने सावकाश वर सरकते आणि झाड फुलाशेंगांवर आलं, पाण्याची गरज वाढली की लक्षण दिसतं. तोवर नळ्या बंद झालेल्या असतात. शिकवण देण्याची वेळ मृगाच्या पेरणीची, बियाण्यावर, शत्रू येण्याआधीची. शेणखतात आठ-पंधरा दिवस मुरवून जमिनीत दिलेली ट्रायकोडर्माही पेरणीच्या आसपासच द्यायची असते.

भुकटी घेताना पाकिटावरची तारीख बघून घ्यावी. ग्रॅममागे किमान वीस लाख जिवंत ट्रायकोडर्मा असायला हव्यात, असा आपल्या देशातला निकष आहे. उन्हाळाभर पत्र्याच्या दुकानात तापलेल्या पाकिटात त्या तेवढ्या उरत नाहीत, म्हणून पाकीट पेरणीच्या तोंडावरच, सावलीत ठेवणाऱ्या दुकानातून किंवा सरळ कृषी विज्ञान केंद्रातून आणलेलं बरं.